समुद्रकाठची भाड्याची खोली



डिसेंबर जवळ आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. नाताळची सुट्टी जोडून चार दिवस कुठे जायचं? इंदूरचा, हैदराबादचा, बडोद्याचा, बंगळूरचा मराठी माणूस असो, उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. समुद्र. मग गोव्यात खोली बघा, गोकर्णला बघा, पुरीला बघा. खोली अशी हवी की दार उघडलं की समोर पाणी. तिचं भाडं या दिवसांत दुप्पट-तिप्पट असतं, तरी आपण देतो.

हे आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्याला काही इतिहास असेल असं मनातही येत नाही. पण आहे. हिवाळ्यात समुद्राकाठी जाऊन भाड्याच्या खोलीत राहणं ही कल्पना फार तर पावणेतीनशे वर्षांची आहे. ती आधी डॉक्टरांनी काढली, मग रेल्वेने पसरवली, मग पगारी रजेच्या कायद्यांनी ती मध्यमवर्गापर्यंत आणली. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न सतत सोबत राहिला आहे: किनारा कुणाचा? आज आपण हा प्रवास बघू.

मागीलदारचा समुद्र

सुरुवात आपल्या कोकणातून करू. दिवेआगर, गुहागर, केळशी, आंजर्ले अशा गावांची जुनी मांडणी आठवा. गावातून एक लांब पाखाडी जाते. घरांची तोंडं त्या वाटेकडे. घरामागे माडा-पोफळीचं आगर, आगराच्या पलीकडे केवडा, सुरू, आणि मग पुळण. म्हणजे समुद्र मागीलदारी. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राशेजारी राहणाऱ्या माणसांनी समुद्र दिसावा म्हणून घरं बांधली नाहीत. खारा वारा भिंती खातो, भांडी गंजवतो आणि पावसाळ्यात छपरं उडवतो, हे त्यांना ठाऊक होतं. पुळणीवर वावर कुणाचा, तर ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांचा. तिथे होड्या ओढून ठेवायच्या, जाळी वाळवायची, मासळी सुकवायची. किनारा ही कामाची जागा होती.

मग आपल्याकडे समुद्रस्नान नव्हतं का? होतं, आणि तेही ऐन हिवाळ्यात. मकरसंक्रांतीला गंगासागरला लाखो लोक जातात. रामेश्वरचं अग्नितीर्थ म्हणजे समुद्रच. पण ते स्नान पुण्यासाठी. माणूस जायचा, बुडी मारायचा, देवदर्शन करायचा, परत फिरायचा. राहण्याची सोय पंड्याच्या घरी. पुरीला तर एकोणिसाव्या शतकात यात्रेकरूंच्या अशा घरांमध्ये इतकी दाटी व्हायची आणि कॉलरा इतका पसरायचा, की इंग्रज सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे समुद्रकाठची भाड्याची खोली आपल्याकडे होती. फक्त तिच्यात कुणी समुद्र बघत बसायला जात नव्हतं.

डॉक्टरांनी लिहून दिलेला समुद्र

आता इंग्लंडमध्ये जाऊ. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी १७५० मध्ये एक लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. विषय होता ग्रंथींच्या रोगांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग. नुसतं अंघोळीसाठी नव्हे, पिण्यासाठीसुद्धा! पुस्तक लवकरच इंग्रजीत आलं आणि भरपूर खपलं. ब्रायटन नावाचं मच्छीमारांचं एक गरीब गाव पाहता पाहता श्रीमंत रोग्यांनी भरून गेलं.

हे स्नान आजच्यासारखं मौजेचं नव्हतं. पाणी जितकं थंड तितका गुण जास्त, अशी समजूत होती. त्यामुळे लोक थंडीतही उतरायचे. लेखिका फॅनी बर्नी १७८२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रायटनला होती. पहाटे सहाला, अजून चांदणं असताना, ती आणि तिच्या मैत्रिणी समुद्रात उतरल्या होत्या. इंग्लंडचा नोव्हेंबर, पहाटेचे सहा! आपल्याकडे माघस्नान करणाऱ्या आजीलाही हुडहुडी भरेल.

या रोग्यांना पाण्यात उतरवायचं कुणी? तिथल्याच कोळी घरांतल्या बायकांनी. बायकांना उतरवणाऱ्या या बायकांना ‘डिपर’ म्हणत, म्हणजे बुचकळ्या देणारी. मार्था गन ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. धिप्पाड, निडर. घाबरलेल्या बाईला चाकांच्या लाकडी खोलीतून बाहेर काढायचं, लाटेखाली दाबायचं आणि वर काढायचं, हा तिचा धंदा. ती १८१५ मध्ये वारली तेव्हा ब्रायटनमध्ये तिला ओळखत नाही असा माणूस नसावा. हे नाव लक्षात ठेवा, कारण तिचे भाऊबंद आपल्याला पुढे भारतात भेटणार आहेत.

मायोर्कामधलं एक भाडं

थंड पाण्याचं वेड ओसरलं, पण समुद्राची हवा औषधी असते ही श्रद्धा वाढतच गेली. त्याचं कारण क्षयरोग. त्या काळी युरोपात क्षयावर औषध नव्हतं. डॉक्टर एवढंच सांगू शकत: हिवाळा दक्षिणेकडे, समुद्राकाठी, उबदार हवेत काढा. म्हणून ज्यांना परवडत होतं ते रोगी ऑक्टोबरमध्ये निघायचे, घर भाड्याने घ्यायचे आणि एप्रिलमध्ये परतायचे.

अशा एका हिवाळ्याची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. साल १८३८. प्रसिद्ध संगीतकार शोपँ आणि लेखिका जॉर्ज सांद, तिची दोन मुलं, असे सगळे पॅरिसहून स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले. शोपँ खोकत होता आणि त्याला ऊब हवी होती. पाल्मा शहराजवळ त्यांनी एक घर भाड्याने घेतलं. त्या घराचं नाव ‘सोन व्हेंट’, म्हणजे वाऱ्याचं घर. पहिले काही दिवस ऊन होतं. मग पाऊस लागला, भिंती ओल्या झाल्या, खोल्या गरम करायची नीट सोय नव्हती आणि शोपँचा खोकला वाढला. डॉक्टर आले आणि क्षयाची कुणकुण गावात पसरली.

घरमालकाने त्यांना घर सोडायला सांगितलं. एवढंच नाही, तर रोग्याचा बिछाना जाळावा लागेल त्याचे पैसे आणि भिंतींना पुन्हा चुना द्यावा लागेल त्याचेही पैसे वसूल केले. मग ही मंडळी डोंगरातल्या वालदेमोसा गावच्या एका मठात गेली. मठातले साधू काही वर्षांपूर्वी सरकारने बाहेर काढले होते आणि रिकाम्या खोल्या भाड्याने दिल्या जात होत्या. तिथल्या थंडीत शोपँने आपली ‘प्रेल्यूड्स’ पुरी केली. फेब्रुवारीत ते परत निघाले तेव्हा मिळालेल्या बोटीवर त्यांच्याबरोबर डुकरांचा कळप होता. सांदने नंतर या हिवाळ्यावर एक पुस्तक लिहिलं आणि बेटावरच्या लोकांवर मनसोक्त राग काढला.

आपण ही हकिकत नेहमी कलावंतांच्या बाजूने ऐकतो. आजारी माणसाला बाहेर काढणारा दुष्ट मालक! पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मालकाचीही बाजू दिसते. उत्तर युरोपातले डॉक्टर तेव्हा क्षय आनुवंशिक मानत. दक्षिणेतले लोक मात्र तो संसर्गाने पसरतो असं धरून चालत आणि रोग्याच्या वस्तू जाळत. १८८२ च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधून काढला तेव्हा कळलं की पॅरिसच्या विद्वानांपेक्षा मायोर्काचा घरमालकच बरोबर होता. पाहुणा गेल्यावर त्याच घरात, त्याच बेटावर यजमानालाच राहायचं असतं. या दोघांचा हिशेब कधीच सारखा नसतो, आणि समुद्रकाठच्या भाड्याच्या खोलीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

हिवाळ्यासाठी वसलेलं शहर

या हिवाळी रोग्यांनी एक अख्खं शहर घडवलं. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं नीस. टोबायस स्मॉलेट हा लेखक, जो स्वतः डॉक्टरही होता, १७६३ मध्ये प्रकृतीसाठी तिथे गेला आणि त्याचं प्रवासवर्णन गाजलं. मग इंग्रजांची रीघ लागली. १८२० च्या दशकात तिथल्या इंग्रज रहिवाशांनी वर्गणी काढली आणि कडक थंडीत रोजगार गेलेल्या स्थानिक लोकांना कामाला लावून समुद्राकाठी एक वाट बांधून घेतली. तीच पुढे ‘इंग्रजांचा फेरफटक्याचा रस्ता’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. १८६४ मध्ये रेल्वे आली. व्हिक्टोरिया राणी १८९५ ते १८९९ दर वर्षी हिवाळा सरताना तिथे जायची. तिचा लवाजमा मोठा असायचा आणि त्यात तिचा आग्र्याकडचा मुन्शी अब्दुल करीमही असे.

गंमत बघा, त्या काळी नीस उन्हाळ्यात ओस पडायचं. हॉटेलं बंद, दारं-खिडक्या लावलेल्या. उन्हात बसणं खालच्या दर्जाचं, शेतमजुराचं लक्षण मानलं जायचं. उन्हाने रापलेली कातडी सुंदर असते हे युरोपला १९२० च्या दशकात सुचलं. तेव्हापासून तिथला समुद्र हिवाळ्याचा न राहता उन्हाळ्याचा झाला. युनेस्कोने २०२१ मध्ये नीसला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती मात्र ‘हिवाळी विश्रांतीचं शहर’ म्हणूनच.

हवापालट

आता आपल्या देशात या. ‘हवापालट’ हा आपला ओळखीचा शब्द. आजारातून उठलेल्या माणसाला हवापालट करायला न्यायचं. बंगालीत त्याला ‘हावा बदल’ म्हणतात आणि त्याचं वेड बंगाली मध्यमवर्गाइतकं भारतात कुणाला नव्हतं. मलेरिया आणि पोटाच्या तक्रारींनी बेजार झालेली कलकत्त्याची कुटुंबं थंडी पडली की स्वयंपाकाची भांडी, गाद्या, नोकर-चाकर घेऊन निघायची. काही पश्चिमेला मधुपूर, देवघरकडे जायची, काही समुद्राकडे. अख्खं घर महिना-दोन महिने भाड्याने घ्यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर होमस्टे, पण मुक्काम दोन रात्रींचा नव्हे, दोन महिन्यांचा.

पुरीला रेल्वे १८९७ मध्ये पोचली आणि सगळंच बदललं. यात्रेचं पुरी जगन्नाथाच्या देवळाभोवती होतं. हवापालटाचं पुरी समुद्राकाठी वसू लागलं. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने तिथे स्वतःचं हॉटेल काढलं. त्या रेल्वेच्या नावातलं ‘नागपूर’ आपल्याला जवळचं. आणि रेल्वेच्याही आधी, १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं, तेव्हा देवळाचा कारभार मराठ्यांच्याच हाती होता. देवळासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून उभा केला गेला तो त्याच काळात.

या नव्या पुरीत पाहुण्यांना पाण्यात कोण उतरवायचं? नुलिया. हे तेलुगू बोलणारे मच्छीमार. डोक्यावर वेताची उंच टोकदार टोपी, अंगावर जेमतेम लंगोट. लाट कुठे फुटेल, पाणी कुठे ओढेल, हे त्यांना पायाखालच्या वाळूवरून कळायचं. कलकत्त्याचे बाबू त्यांचा हात घट्ट धरून कमरेएवढ्या पाण्यात जायचे. ब्रायटनची मार्था गन आणि पुरीचा नुलिया, दोघांची कहाणी एकच आहे. ज्यांच्या कामाची जागा दुसऱ्यांच्या आरामाची जागा झाली, त्यांना तिथेच नवं काम मिळालं, ते म्हणजे पाहुण्याला बुडू न देण्याचं. नुलियांची वस्ती आजही पुरीच्या किनाऱ्यावर आहे. दाट, अडचणीची. शेजारी हॉटेलांच्या रांगा आहेत.

हवापालटाचं एक उदाहरण आपल्या मुंबईचं. १९२४ च्या जानेवारीत गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन पुण्याच्या ससून रुग्णालयात झालं. ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली आणि विश्रांतीसाठी ते जुहूला, उद्योगपती नरोत्तम मोरारजी यांच्या समुद्रकाठच्या बंगल्यात जाऊन राहिले. तेव्हाचं जुहू म्हणजे शहराबाहेरची निवांत पुळण. मोतीलाल आणि जवाहरलाल नेहरू त्यांना भेटायला तिथे आले, आणि कायदेमंडळात जावं की नाही यावर तिथेच बोलणी झाली. आज त्या जुहूला सकाळी फेरफटका मारताना हे आठवून बघा.

रजा कुणाला मिळते?

इथपर्यंतची सगळी मंडळी पैसेवाली होती हे तुमच्या लक्षात आलं असेल. कारण भाड्याच्या खोलीला पैशाआधी वेळ लागतो. ज्याचा रोज बुडतो तो कुठला हवापालट करणार?

हे कायद्याने बदललं. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. इंग्लंडमध्ये तसा कायदा १९३८ मध्ये आला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात किमान २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. १९५६ मध्ये केंद्र सरकारी नोकरांसाठी प्रवास सवलत आली, जिला आपण ‘एलटीसी’ म्हणतो. कन्याकुमारी, पुरी, गोवा इथल्या कितीतरी खोल्या या तीन अक्षरांनी भरल्या. तुमच्या घरच्या अल्बममध्ये सूर्योदयापुढे हातरुमाल बांधून उभ्या असलेल्या काकांचा फोटो असेल, तर तो बहुधा एलटीसीचा.

पण मोजून बघा, आपल्या देशात अजूनही बहुतेक लोक अशा ठिकाणी काम करतात जिथे पगारी रजा नाही. नाताळात आपण जिथे राहतो तिथे चादरी बदलणारा मुलगा, रात्री भांडी घासणारी बाई, त्यांची सुट्टी कधी असते? त्यांचा हंगाम तोच आपल्या सुट्टीचा.

उतरवली जाणारी खोली

आता गोव्याकडे वळू. गोव्यातही समुद्रावर जाऊन राहायची जुनी चाल होती, पण ती हिवाळ्याची नव्हे, मे महिन्याची. मडगाव-म्हापशाकडची खातीपिती कुटुंबं एप्रिल-मेमध्ये कोलवा, कळंगुट इथे जाऊन राहायची. त्याला पोर्तुगीज शब्द होता ‘मुदांस’, म्हणजे बदल. पुन्हा तीच हवापालट! खाऱ्या पाण्यात रोज न्हायलं की सांधेदुखी जाते, असं मानून साधी माणसंही यायची. पाऊस पडायच्या आत सगळे घरी.

हिवाळ्याचा हंगाम बाहेरच्यांनी आणला. साठच्या दशकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतले हिप्पी कळंगुट, बागा, हणजुणे इथे पोचले. त्यांच्याकडची कडाक्याची थंडी म्हणजे आपल्याकडचे सोन्यासारखे दिवस. ते मच्छीमारांच्या, रेंदेरांच्या घरांत एखादी खोली घेऊन राहायचे. घरात पैसा येऊ लागला. १९८७ मध्ये युरोपातून चार्टर विमानं सुरू झाली आणि हंगाम ऑक्टोबर ते मार्च असा पक्का झाला. तेव्हा गोव्यात या पर्यटनाविरुद्ध आंदोलनंही झाली. पाणी कुणाला मिळणार, किनाऱ्यावर कुणी जायचं, हे त्यांचे प्रश्न होते. आजही ते जुने झालेले नाहीत.

या सगळ्यातून एक नवीन वस्तू जन्माला आली. माडाच्या झावळ्या, बांबू आणि फळ्यांची समुद्रकाठची झोपडी. दक्षिण गोव्यात काणकोणकडे पाळोळ्याला गेलात तर ओळीने दिसतील. मी अशा एका झोपडीत राहिलो आहे. रात्रभर लाटांचा आवाज आणि अंगाखाली कुरकुरणारी फळी. पण मला आवडलं ते वेगळंच. भिंतीच्या प्रत्येक फळीवर रंगाने आकडा घातलेला होता. मालकाला विचारलं तेव्हा कळलं की मे महिन्यात सगळं उतरवून आकड्यांप्रमाणे रचून ठेवतात आणि पाऊस सरला की पुन्हा त्याच क्रमाने उभं करतात.

ही नुसती रीत नाही, कायद्यातही तिला जागा आहे. किनारा नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना गोव्याच्या बाबतीत ‘सप्टेंबर ते मे या काळात रीतीप्रमाणे उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या, हंगामी बांधकामांचा’ वेगळा विचार करते. सरकारी भाषेत ऋतूचा असा उल्लेख क्वचितच सापडतो. तीन महिने किनारा पावसाचा, समुद्राचा, कासवाचा आणि खेकड्याचा. बाकीचे नऊ महिने माणसाचा, तोही भाडेकरू म्हणून.

छोट्या खोलीवरून एक माणूस आठवतो. चंदीगढचा आराखडा करणारा ल कॉर्ब्युझिए. एवढं मोठं शहर, केवढी सरकारी भवनं! चंदीगढचं काम हाती घेतलं त्याच वर्षी, १९५१ च्या ३० डिसेंबरला, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खाणावळीत टेबलाच्या कोपऱ्यावर त्याने स्वतःच्या सुट्टीच्या झोपडीचं चित्र पाऊण तासात काढलं. बायकोच्या वाढदिवसाची भेट म्हणून. पुढच्या वर्षी ती बांधली. लांबी-रुंदी ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट बाय बारा फूट. स्वयंपाकघर नाही, कारण दार खाणावळीत उघडायचं. पुढे त्या खाणावळीच्या मालकासाठी त्याने पाच छोट्या खोल्या बांधल्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायला. २०१६ मध्ये युनेस्कोने चंदीगढचं विधानभवन संकुल आणि ही बारा फुटांची झोपडी एकाच यादीत घेतली. समुद्राकाठी माणसाला किती जागा पुरते, याचं उत्तर शहरं बांधणाऱ्या माणसाने स्वतःसाठी असं दिलं होतं.

दोन डिसेंबर

समुद्र आपली बाजू कधी कधी फार स्पष्टपणे मांडतो. दोन वेळा त्याने ती डिसेंबरातच मांडली.

१९६४ च्या २२ डिसेंबरची रात्र. रामेश्वर बेटाच्या टोकाला धनुष्कोडी नावाचं गाव होतं. रेल्वेचं शेवटचं स्टेशन, श्रीलंकेला जाणारी बोट इथूनच सुटायची. चक्रीवादळाची लाट आली आणि गाव गेलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी स्टेशनात पोचण्याआधीच लाटेने नेली, आत शंभराहून अधिक माणसं होती. सरकारने ती जागा वस्तीला अयोग्य ठरवली. आज तिथे पर्यटक जातात, पडक्या चर्चचे फोटो काढतात.

दुसरा डिसेंबर २००४ चा, तारीख २६. नाताळचा दुसरा दिवस, जगभरचे समुद्रकाठ भरलेले. सुनामीत दोन लाखांहून अधिक माणसं गेली. आपल्या देशात दहा हजारांहून अधिक, सर्वाधिक तमिळनाडूत नागपट्टिणमकडे, आणि त्यात बहुतेक मच्छीमार. थायलंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्याची सुट्टी काढायला आलेले युरोपीय पाहुणेही मोठ्या संख्येने गेले. एकट्या स्वीडनचे ५४३ नागरिक मेले.

झावळ्यांची झोपडी सुनामी अडवत नाही, हे मला कळतं. काँक्रीटही अडवत नाही. प्रश्न आहे मागे सरायला जागा ठेवली आहे का, आणि मागे कुणी सरायचं, हा. सुनामीनंतर तमिळनाडू सरकारने किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमारांना आतल्या भागात नवी घरं देऊ केली, पण त्यासाठी किनाऱ्यावरची जागा सोडावी लागणार होती. आपण सोडलेल्या जागेवर उद्या हॉटेल उभं राहील, ही भीती अनेकांना वाटली. ती भीती अडाण्याची नव्हती. पुरीत, ब्रायटनमध्ये, नीसमध्ये काय झालं ते आपण आत्ताच पाहिलं.

या मागे सरण्याच्या जागेचा हिशेबही बघा. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. १९९१ च्या अधिसूचनेत ५०० मीटरवर नियमन आलं, आणि ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला पूर्ण बंदी उरली पहिल्या २०० मीटरची. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवर तीच बंदी ५० मीटरवर आणली. पाचशे, दोनशे, पन्नास. त्याच काळात समुद्राची पातळी मात्र वाढतेच आहे.

भाडेकरूने विचारायचे प्रश्न

मग काय, जायचंच नाही? असं मी म्हणणार नाही. समुद्र बघून माणसाला बरं वाटतं, हे खरंच आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांची कारणं चुकली असतील, पण त्यांचे रोगी खिडकीशी बसून शांत होत होते, ते खोटं नव्हतं. आजारी आईला चार दिवस समुद्राकाठी नेणं, पोरांना वाळूत खेळू देणं, यात कसला अपराध?

पण भाडेकरू म्हणून जाऊ. मालक म्हणून नको. किनाऱ्यावर प्लॉट घेऊन दर्शनी काचेचा बंगला बांधण्यापेक्षा दुसऱ्याची खोली चार दिवस घेणं केव्हाही बरं. खोली घेताना आपण एसी, वायफाय आणि नाश्ता विचारतो. आणखी तीन गोष्टी विचारायला काय हरकत आहे? ही खोली पावसाआधी उतरते का, आणि पक्की असेल तर भरतीरेषेपासून किती मागे आहे? खोलीसमोरच्या वाळूवर गावकऱ्याला होडी ओढता येते का, की तिथे खुर्च्या आणि दोरी लावली आहे? आणि खोलीचे पैसे त्या गावात राहतात का?

उत्तरं नेहमी मनासारखी मिळणार नाहीत. पण हे प्रश्न डिसेंबरात दहा माणसांनी विचारले तर मालकाच्या लक्षात येतं, पाहुण्याला हेही महत्त्वाचं वाटतं. बाजार असाच बदलतो, कायद्याच्या आधी कधी कधी.

कोकणातल्या जुन्या माणसांनी समुद्र मागीलदारी ठेवला होता. त्यांचं समुद्रावर प्रेम नव्हतं असं नाही. नारळी पौर्णिमेला ते त्याची पूजा करायचे, त्याच्यावर जगायचे, आणि रात्री त्याच्यापासून आगरभर अंतर राखून झोपायचे. ते अंतर आपण आज काही मीटरवर आणून ठेवलं आहे. या हिवाळ्यात कुठे जाणार असाल तर जरूर जा. पहाटे उठून किनाऱ्यावर फेरी मारा आणि होड्या कुठे लावल्या आहेत ते बघा. गाव अजून किनाऱ्यावर आहे की नाही, ते त्यावरून कळेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.